अर्ध्या घंट्याचा आराम

सोमवारी सकाळी पावणेसातला सिराजोद्दीन मिस्त्री मिलमध्ये आला, तेव्हा आरामाच्या शेडमधल्या बाजा गेलेल्या होत्या. आठच्या आठ. त्यांच्या जागी हिरव्या चटया अंथरल्या होत्या, माठाशेजारी एक स्पीकर ठेवला होता आणि भिंतीवर माणसाएवढा फलक लावला होता : ‘निरोगी कामगार, आनंदी कामगार’. फलकावरचा माणूस पांढऱ्या कपड्यांत डोळे मिटून बसला होता. सिराज तीस वर्षं जालन्याच्या एमआयडीसीत काम करत होता. रोलिंग मिलच्या आवारात पांढरे कपडे घातलेला माणूस त्याला फक्त शेठच्या केबिनमध्ये दिसला होता, आणि तोही डोळे उघडे ठेवूनच बसायचा.

“बाजा कुठं गेल्या?” त्यानं विचारलं.

“स्टोअरच्या मागं ठेवल्यात,” चटईचा कोपरा सरळ करणाऱ्या बाईनं वर न बघता सांगितलं. “सुतळी कुजली होती सगळी. ढेकूण होते.”

“कोणाला विचारून काढल्या?”

“शेठना.” ती उठली आणि हात झटकले. “तुम्हाला विचारायचं होतं का?”

“मी मिस्त्री आहे इथला.”

“माहितीय. म्हणूनच तुमची चटई पहिल्या रांगेत ठेवलीय.”

ही साधना. वय तिशीच्या आसपास, मूळची परतूरकडची, पुण्याहून कामगारांच्या आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेली. मिलमध्ये तिला रुजू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. त्याआधी वर्षभर तिनं एका बियाणे कंपनीत असाच कार्यक्रम चालवला होता. तिथं दिवसभर बसून बी निवडणाऱ्या बायकांच्या पाठी आणि माना तिच्या व्यायामानं मोकळ्या झाल्या होत्या. निरोप देताना त्या बायकांनी तिला साडी नेसवली होती. हे सगळं खरं होतं आणि साधना ते रोज कोणाला ना कोणाला सांगत होती.

मिलला तिची गरज पडली त्याचं कारण वेगळं. पूल बांधणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं यंदा नवी अट घातली होती : जिथून सळई घेऊ, तिथं कामगारांच्या आरोग्याचा कार्यक्रम चालू असला पाहिजे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी त्या कंपनीची माणसं बघायला येणार होती. शेठनं साधनाला सांगितलं होतं, “जे करायचं ते करा, पण मिल बंद न ठेवता करा.” साधनानं तीन दिवस हातात घड्याळ धरून मिल पाहिली आणि तिला मोकळा वेळ सापडला. आठ तासांच्या पाळीत प्रत्येक माणूस चार तास नुसता बाजेवर पडून असतो. तंबाखू मळतो, मोबाइल बघतो, झोपतो. तिनं तसं लिहून दिलं आणि शेठनं सही केली.

आता या मिलमधल्या कामाची रीत सांगितली पाहिजे. भट्टीतून लाल झालेला लोखंडी ठोकळा निघतो आणि एकामागून एक रोलांमधून दाबला जात बारीक, लांब होत शेवटी सळई होऊन पडतो. मोठ्या मिलमध्ये हे सगळं यंत्रं करतात. इथं आठ ठिकाणी आठ माणसं सांडशी घेऊन उभी असतात. रोलातून निघालेलं लाल टोक पकडायचं, वळवायचं आणि पुढच्या खाचेत घालायचं. दर काही सेकंदांनी एक. टोक सुटलं तर सळई मोकळी उडते आणि समोर येईल ते कापत जाते. म्हणून प्रत्येक ठिकाणाला दोन माणसं असतात, त्यांना जोडी म्हणतात. एक अर्धा तास वर उभा राहतो तेव्हा दुसरा खाली असतो. मिस्त्री टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला मारतो आणि सांडशी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. माणूस वर जाण्याआधी मिस्त्री त्याचं मनगट धरून बघतो. नाडी पळत असली तर त्याला परत बसवतो आणि स्वतः वर चढतो. सिराजला हे त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. यातलं काहीही कुठल्या कागदावर नव्हतं. माणसं त्याला एवढंच म्हणायची : अर्धा घंटा.

त्या अर्ध्या घंट्यावर आता स्पीकर लागला.

पहिली दहा मिनिटं श्वास, दुसरी दहा हातपाय ताणणं, शेवटची दहा ‘मनमोकळं’. मनमोकळं म्हणजे भिंतीवर तीन चेहरे छापले होते, हसरा, गप्प आणि रडका. प्रत्येकानं आपल्याला कसं वाटतं त्या चेहऱ्याखाली टिकली चिकटवायची. सुरुवातीला आणि शेवटी बोटाला चिमटा लावून साधना नाडी लिहून घ्यायची.

अतिक सगळ्यात आधी उठला. अठ्ठावीस वर्षांचा, तोंडानं तिखट. त्यानं टिकली फलकावरच्या पांढऱ्या माणसाच्या कपाळावर लावली.

“हे काय?” साधनानं विचारलं.

“हा एकटाच खुश दिसून राह्यला, मॅडम. बाकी कोणाची गॅरंटी न्हाई.”

शेड हसलं. साधनानं टिकली काढून अतिकच्या हातात परत दिली. “तुमची तुम्ही लावा. पोरकटपणा घरी.”

“घरी तर झोपायलाच टाइम भेटत न्हाई, पोरकटपणा कवा करू?”

“अतिक, बस खाली,” सिराज म्हणाला.

सिराजचा जुना जोडीदार कचरू, वाटूरचा. सव्वा तास मोटारसायकल चालवून यायचा आणि तेवढाच वेळ चालवून परत जायचा. वय सेहेचाळीस. कचरू आणि सिराजची जोडी एकोणीस वर्षं चालली होती. सिराज मिस्त्री झाल्यावर कचरूला दुसरा जोडीदार मिळाला, तरी शिव्या देण्याचा हक्क त्यानं सिराजवरच राखून ठेवला होता. चटईवर पाठ वाकवताना तो दबक्या आवाजात बोलत होता.

“तू मिस्त्री कशाला झालास रे? बाजा गेल्या तरी गप. उद्या चड्डी नेली तरी गप राहशील.”

“पुढच्या गुरुवारपर्यंत दम धर. ती माणसं येऊन गेली की सगळं आपोआप बंद होतंय.”

“तवर मी बंद पडतो की.”

“बोलू नका,” साधना म्हणाली. “श्वास सोडा.”

“सोडूनच राह्यलो, बाई. घ्यायला कुठं सांगितलं तुम्ही.”

मंगळवारी दुपारी साडेबाराला ते झालं. बाहेर बेचाळीस अंश, रोलांजवळ किती ते कोणी मोजत नव्हतं. कचरू चटईवरून उठून वर निघाला. सिराजनं त्याचं मनगट धरलं आणि म्हणाला, “बस जरा. मी जातो.”

“तू सकाळपासून तीनदा वर गेलास. किती जणांच्या बदल्यात चढणारेस?” कचरूनं हात सोडवून घेतला.

चौथ्या ठोकळ्याला टोक त्याच्या सांडशीतून निसटलं. लाल सळई उजवीकडं फिरली आणि पुढच्या ठिकाणी उभ्या असलेल्या अतिकच्या पोटरीला चाटून पत्र्यात घुसली. अतिकची पॅन्ट पेटली. गोणपाट टाकून ती विझवली. पोटरीवर वीतभर जळलं होतं, खोल नव्हतं. दोन बोटं वर गेली असती तर गुडघा गेला असता. हे तिथल्या प्रत्येकाला दिसलं.

सिराजनं मिल थांबवली. अतिकला दवाखान्यात पाठवलं आणि तसाच घामानं चिंब शेडमध्ये गेला.

“चटया उचला.”

साधनाचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज ठाम होता. “अपघात चटईमुळं झाला, हे तुम्ही कशावरून म्हणता?”

“त्याच्या हातावरून. थरथरत होता.”

“इथले हात आधी थरथरत नव्हते? गेल्या वर्षी तीन वेळा सळई उडाली, मी रजिस्टर वाचलंय. तेव्हा तर बाजा होत्या.”

“तीन. वर्षात तीन. तुम्ही दोन दिवसात एक केली.”

“मिस्त्री, मी इथं तुमच्या माणसांचं वाईट करायला आलेले नाही.”

“मंग कशाला आल्या? बी निवडणाऱ्या बाया दिवसभर बसून असतात, त्यांना उठवलं ते बराबर केलं. आमची माणसं उभी असतात, बाई. भट्टीसमोर. त्यांना बसू द्यायचं का न्हाई?”

साधनानं नाडीची वही उचलली. मग म्हणाली, “मला मनगट धरून कळत नाही. मला आकडा लागतो. दाखवा आकडा.”

“तुमच्यापाशीच आहे की मशीन. चटईनंतरचे आकडे तुम्ही लिहिले. उद्या बाजा आणा, आराम करू द्या आन् तसेच लिहा. मंग बोला.”

“दर पाच मिनिटांनी लिहीन. तुमच्या विरुद्ध गेलं तर?”

“तर पहिल्या रांगेत बसतो.”

बुधवारी बाजा परत आल्या, अतिकही पोटरीला पट्टी बांधून कामावर आला. साधना सोळाही माणसांच्या मागं वही घेऊन फिरली. उतरल्या उतरल्या नाडी, मग पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस. तिनं एकही वेळ चुकवली नाही आणि दुपारचा डबाही उघडला नाही. माणसं तिच्याकडं पाहत नव्हती, पण बोटं पुढं करत होती. कचरू बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, “झोपलेल्या माणसाच्या बोटाला चिमटा लावता. मेल्यावर पण लावता का?”

“मेल्यावर काही दाखवत नाही हे,” साधना म्हणाली.

गुरुवारी सकाळी ती सिराजसमोर वही घेऊन उभी राहिली. चटईनंतर वर जाताना सरासरी नाडी एकशे अठरा. आरामानंतर चौऱ्याऐंशी.

“तुमचं बरोबर होतं,” ती म्हणाली. हे शब्द तिनं पाणी नसताना गोळी गिळावी तितक्या कष्टानं काढले. “चटया मी कार्यालयातल्या लोकांसाठी नेते. ते बसूनच असतात.”

“आन् तो पांढरा माणूस?”

“तो राहू द्या. पुढच्या गुरुवारी येणाऱ्यांना काहीतरी दिसलं पाहिजे.”

शेडमध्ये टाळ्या पडल्या. कचरूनं सिराजच्या पाठीत गुद्दा मारला, एवढ्या जोरात की त्याला खोकला आला. दोन दिवस मिल नीट चालली.

शनिवारी अकराला शेठनं सिराजला केबिनमध्ये बोलावलं. साधना आधीच तिथं बसलेली होती आणि खिडकीबाहेर बघत होती. थंडगार केबिनमध्ये सिराजच्या अंगावरचा घाम लगेच गार पडला. शेठनं टेबलावरचा संगणक त्याच्याकडं वळवला. पडद्यावर एक रेघ होती, वरून खाली उतरत गेलेली आणि मग सपाट झालेली.

“वाचता येतं का मिस्त्री?”

“तुम्ही सांगा.”

“ही तुमच्या माणसांची नाडी. उतरताना एकशे अठ्ठेचाळीस. दहा मिनिटांनी एकशे बारा. पंधराला सत्त्याण्णव. विसाला शहाऐंशी. तिसाला चौऱ्याऐंशी.” शेठनं पेनानं सपाट भागावर टकटक केलं. “विसापासून तिसापर्यंत काय झालं?”

सिराज वाकून रेघ बघू लागला.

“काही झालं नाही. मॅडमनी स्वतः लिहिलंय, ‘विसाव्या मिनिटानंतर नाडीत विशेष फरक पडत नाही.’ मग शेवटची दहा मिनिटं कशाची?”

सिराजनं साधनाकडं पाहिलं. तिनं मान वळवली नाही.

“हाताची,” तो म्हणाला. “नाडी आधी उतरते, शेठ. हात मागून येतो. वीस मिनिटांनी माणूस उठला तर चालतो, बोलतो, पण पकड नसते. पकड यायला अर्धा घंटा लागतो.”

“पकडीचा आकडा आहे?”

“न्हाई.”

“आकडा तुम्हीच मागितला होता ना? मग आता आकड्यानंच चालू.” शेठचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. “दोन ठिकाणांना चार माणसं लागतात, ती तीन करायची. चाळीस मिनिटं वर, वीस मिनिटं खाली. सोळाच्या जागी बारा. उरलेले चौघं स्क्रॅप यार्डात. कोणाला काढत नाही मी.”

यार्ड ठेकेदाराकडं होतं. तिथं गेलेला माणूस मिलच्या हजेरीत राहत नसे, हे केबिनमधल्या तिघांनाही ठाऊक होतं.

“हे आकडे अर्धा घंटा वर राहिलेल्या माणसाचे आहेत,” सिराज म्हणाला. “चाळीस मिनिटं राहिलेला माणूस कोणी मोजला?”

“सर, ते खरंय,” साधना पहिल्यांदाच बोलली. “चाळीस मिनिटांचं मोजमाप झालेलं नाही. माझ्या अहवालावरून तो निष्कर्ष निघत नाही.”

“मग सोमवारी मोजा,” शेठ म्हणाला. “त्याचाच पगार आहे तुम्हाला.”

बाहेर आल्यावर जिन्यावर साधनानं त्याला गाठलं. “मिस्त्री, मी खोटं काही लिहिलं नव्हतं.”

“खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं.”

“तुम्हीच म्हणालात, लिहा.”

“हाव. मीच म्हणालो.” आणि तो तिला जिन्यावरच सोडून उतरला.

तीनला पाळी सुटली तेव्हा बातमी त्याच्या आधी शेडमध्ये पोचली होती. यार्डात जाणाऱ्या चौघांत अतिकचं नाव होतं, पोटरीवर पट्टी असल्यामुळं. माणसं बाजांवर बसली नव्हती, उभी होती.

“चाचा, मोजायची आयडिया कोणाची होती?” अतिकनं विचारलं.

“माझी.”

“मंग यार्डात तुम्ही जा ना.”

“अतिक,” कोणीतरी म्हणालं.

“काय अतिक? पाय माझा जळाला, काम माझं चाललं, आन् शहाणपण यांनी केलं!”

कचरू पुढं आला. त्याला राग आला की तो हळू बोलायचा. “तीस वर्षं हा अर्धा घंटा कुठं लिहिलेला नव्हता, सिराजभाई. म्हणून कोणाला तोडता आला न्हाई. तू लिहून घेतलास. आता त्यांच्यापाशी कागद आहे आन् आपल्यापाशी काय आहे? तुझं बोट?”

सिराजनं आपला डबा उचलला. कचरूचं बरोबर होतं आणि ते सगळ्यांसमोर म्हटलं गेलं होतं. सिराज मस्तगडला आपल्या घरी गेला. बायकोनं, अकबरबीनं, ताट वाढलं आणि विचारलं, “कोणाशी भांडून आले?” तो म्हणाला, “सगळ्यांशी.” रविवारचा दिवस त्यानं घराबाहेर न पडता काढला.

सोमवारी मिल बारा माणसांवर सुरू झाली. आठ वर, चार खाली. चौघं यार्डात गेले होते. साधना चिमटा आणि वही घेऊन रोलांपासून दहा फुटांवर उभी होती. शेठ केबिनच्या खिडकीत होता. एरवी दर वीस मिनिटांनी चौघं बदलायचे, पण पहिल्या फेरीत मोजमापासाठी आठही जण चाळीस मिनिटं वर राहणार होते, म्हणून पाळीचा सगळ्यात पहिला टोला सात चाळीसला पडायचा होता.

भट्टीवाल्याजवळ जाऊन सिराज काहीतरी बोलून आला. सव्वासातनंतर त्याचं लक्ष घड्याळावर नव्हतं, कचरूच्या कोपरावर होतं. सात पंचविसला कचरू सांडशी दोन हातांनी धरू लागला. एका हाताचं काम दोन हातांनी होऊ लागलं की पुढचं काय ते सिराजला माहीत होतं.

बरोबर साडेसातला त्यानं टोला मारला.

भट्टीवाल्यानं नवा ठोकळा सोडला नाही. रोलांमधली शेवटची सळई निघून गेली आणि आठही माणसं उतरली. त्यांची जागा घ्यायला खाली चारच माणसं होती, आणि तीही उठली नाहीत. रोल रिकामे फिरत राहिले. सिराजनं तेही बंद करायला सांगितलं. मिल सुरू असताना त्या शेडमध्ये एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. आता माठातून पेल्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता.

शेठ खाली यायला दोन मिनिटं लागली.

“काय चाललंय हे?”

“आराम,” सिराज म्हणाला.

“चाळीस ठरलं होतं.”

“तुम्ही ठरवलं होतं.”

“भट्टीत माल आहे, मिस्त्री. माल जळतोय.”

“माल जळाला तर दुसरा येतो.”

शेठ साधनाकडं वळला. “मॅडम, घ्या यांची नाडी. आत्ता. लिहा, किती आहे.”

साधनानं कचरूच्या बोटाला चिमटा लावला. एकशे छप्पन. दुसऱ्याची एकशे एक्कावन्न. तिनं आठही माणसांची लिहिली, प्रत्येकापुढं वेळ टाकली आणि वही शेठपुढं धरली.

“तिसाव्या मिनिटाला कोणीही एकशे पंचेचाळीसच्या खाली नाही. चाळीसला मी मोजणार नाही, सर. त्याआधी यांच्यातला एखादा पडेल, आणि तो पडला तेव्हा घड्याळ धरून उभी होते असं मला कुठं सांगायचं नाही.”

“मग सही दुसऱ्याची घेऊ.”

“घ्या. गुरुवारी ती माणसं आली की कार्यक्रम कोण चालवतं, हे मात्र मलाच विचारतील. त्यांच्या पत्रात माझं नाव आहे.”

शेठनं तिच्याकडं पाहिलं, भट्टीकडं पाहिलं. तो डोक्यात काय मांडत होता ते दिसत होतं. आज सोमवार. गुरुवारी माणसं येणार, कामगारांशी बोलणार, एकेकट्याशी.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “गुरुवारपर्यंत जुनंच चालू द्या. यार्डातले बोलवा. चला, उठा आता, वर जा.”

कोणी उठलं नाही.

“ऐकू येत नाही का?”

“सात सदतीस झालेत, शेठ,” सिराज म्हणाला. “तेवीस मिनिटं बाकी आहेत.”

“मी हो म्हणालो ना.”

“म्हणालात. म्हणूनच तर पुरा अर्धा घंटा घेऊन राह्यलो.”

शेठ तेवीस मिनिटं शेडमध्ये उभा राहिला. निघून गेला असता तर हरल्यासारखं दिसलं असतं आणि बसला असता तर बाजेवर बसावं लागलं असतं. यार्डातून चौघं आले, अतिक लंगडत आला, आणि तेही बसले. कोणी शेठशी बोललं नाही, सिराजशीही नाही. आठला टोला पडला.

“मिस्त्री,” निघताना शेठ म्हणाला, “शुक्रवारी भेटू.”

गुरुवारी पूल कंपनीची माणसं आली. त्यांनी फलकाचा फोटो काढला, माठातलं पाणी तपासलं, कामगारांना विचारलं, आराम मिळतो का. मिळतो, असं सोळाही जणांनी सांगितलं, आणि त्या दिवशी ते खरं होतं. मिल पास झाली.

शुक्रवारी सकाळी सिराजला गेटवरच कागद मिळाला : आजपासून स्क्रॅप यार्ड. मिस्त्री म्हणून शेठनं शेजारच्या मिलमधला माणूस आणला होता. माणसं पुन्हा बारा. साधनाची बदली कार्यालयातल्या चटयांवर झाली होती. ती गेटवर दिसली. काही बोलावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. सिराजनंही तिला मदत केली नाही. त्यानं मान हलवली आणि तो पुढं गेला.

यार्ड मिलच्या मागं होतं. तिथून रोल दिसत नव्हते, ऐकू येत होते. सिराज भंगार गाडीत भरत राहिला. साडेसात झाले. टोला पडला नाही, नव्या मिस्त्रीला चाळीसचा हुकूम होता. आणि टोला नसतानाच रोलांचा आवाज मोकळा झाला. लोखंडाशिवाय फिरणाऱ्या रोलांचा आवाज सिराजला झोपेतही ओळखता आला असता. माणसं उतरली होती. कोणीतरी ओरडत होतं, बहुतेक नवा मिस्त्री. मग शेठचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा तो चढलेला सिराजनं ऐकला.

रोल रिकामे फिरत राहिले, आठ वाजेपर्यंत. त्या दिवशी असं सात वेळा झालं. शनिवारी सहा वेळा. सोमवारी यार्डातल्या चौघांना परत बोलावलं गेलं. सिराजला बोलावलं नाही, आणि बोलावणार नव्हते.

सोमवारी तीनला पाळी सुटली तेव्हा गेटवर कचरूची मोटारसायकल त्याच्याजवळ थांबली. दहा दिवसांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. कचरूनं डोक्याला रुमाल बांधला, गाठ मारली, किक मारली. मग एवढंच म्हणाला, “यार्डात तरी कोणाला काही मोजायला सांगू नको.”

आणि वाटूरच्या रस्त्याला लागला.